मानशीचं दार

चोडणला, बांधाच्या कडेला, शेतकरी संघाची खोली.
एक पंखा, तीन खुर्च्या, त्यातल्या एकीला पाठ नाही.
सहा महिने इथे बसून मी एवढंच लिहिते आहे:
आज भरती किती वाजता,
ओहोटी किती वाजता,
खाजनाच्या मानशीचं दार कधी उघडायचं, कधी लावायचं.

एवढंच. पण सगळ्यांच्या हातात सारखं.

कुष्टा म्हांबऱ्यांचा फोन रबरबँडने बांधलेला,
पोटात नातीच्या बारशाचे चारशे फोटो,
माझ्या कामाला जागा उरते पोस्टाच्या तिकिटाएवढी.
संघाचा संगणक सकाळी सुरू केला
की चहा होईतो नुसता घुरघुरतो.
इगर्जीतल्या टॅबलेटवर पोरांच्या बोटांचे ठसे,
त्यांच्या खालून आकडे शोधायचे.
आणि फेलिसिदादचा आयफोन राहतो स्विंडनला.
शेत मात्र तिचं इथे,
खाडीपासून बांधाच्या रुंदीएवढं आत.

म्हटलं, एकदाच लिहीन.
रायबंदरच्या फेरीबोटीसारखं,
त्याच एका फळीने दोन्ही काठांना टेकणारं.
ओहोटीला फळी उभी होते,
स्कूटरची चाकं घसरतात,
पोदेर सायकल खांद्याने रेटतो.
ते तेव्हा मी हिशोबात धरलं नव्हतं.

जुलैत एका रात्री सव्वाअकराला
कुष्टांचा फोन वाजला. फेलिसिदाद.
"पावणेसात झाले काका, पाणी चढलं का? दार लावलंत?"
पडद्यावर लिहिलं होतं: भरती पावणेसात.
कोणाचे पावणेसात, ते मी लिहिलं नव्हतं.
कुष्टा बॅटरी घेऊन बांधावर गेले,
बघून आले, आणि म्हणाले,
"आमचं येऊन गेलं गो बाय. उरलंय ते तुझं असेल."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ दुरुस्त केलं.
आयफोनच्या खाचेत अडकलेलं बटण खाली ओढलं.
संगणकासाठी अक्षर मोठं केलं, तर टॅबलेटवर ओळ फुटली.
ओळ सांधली, तर कुष्टांचा फोन बसकण मारून बसला.
त्याला हलकं करायला मी अक्षरांचा साचा छाटला,
लागणार नाहीत ती अक्षरं काढली,
घाईत त्यांच्याबरोबर ळ गेला.

बाकीच्यांना कळलंही नाही.
त्यांच्या फोनांनी आपल्या पदरचा ळ घातला.
कुष्टांच्या फोनाकडे पदर नव्हता.
तिथे भरतीची वेळ म्हणजे
वे, आणि पुढे एक रिकामा चौकोन.
खाजनाचा तळ: त, आणि चौकोन.
काळजी घ्या, यातही मधोमध तोच.

मला हे कळलं तीन आठवड्यांनी.
शरमेने ळ परत आणला, रात्रीत सगळीकडे पाठवला,
आणि सकाळी कुष्टा खोलीत आले,
पाठ नसलेल्या खुर्चीवर बसले.
"दार कुठे गेलं?"
कुठलं दार?
"ते गो, तू काढलेलं. वेळेच्या शेजारी. मानशीचं.
चौकट दिसली की मी उठायचो."

माझ्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, खाली दोन रेघा:
एकच लिखाण. कोणासाठी अपवाद नाही.

बाहेर पाणी उतरत होतं.
दार आपसूक उघडलं होतं,
तोंडाशी चिखलात दोन बगळे,
आतल्या पाण्याची बाहेर जायची गडबड.
मी एक ओळ जास्तीची घातली:
फोन कुष्टांचा असेल, तर ळ राहू दे,
आणि वेळेच्या शेजारी चौकोन काढ.

ती ओळ कोणाला दाखवली नाही.
सगळ्या यंत्रांतून ती आता गपगुमान फिरते,
एकाच ठिकाणी उघडते.

काल स्विंडनहून निरोप आला:
कुष्टाकाकांनी त्यांच्या फोनाचा फोटो पाठवलाय.
माझ्यात दार का नाही?